भाऊजींच्या गाडीचं मुसकं

वऱ्हाडच्या उन्हाविरुद्ध उभा दावा ठोकणारा माणूस आजवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला नवरा म्हणून आला. आम्ही बाकीची माणसं उन्हाची ऐपत ओळखून वागणारी. मे महिना लागला की दारांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, बाहेर जाणाऱ्याच्या खिशात कांदा टाकायचा, पन्ह्याचं भांडं माठाशेजारी झाकून ठेवायचं आणि सकाळी दहापासून दिवस कलेपर्यंत सूर्याला जे काय करायचं असेल ते बिनबोभाट करू द्यायचं, हा आमचा पिढीजात शहाणपणा. भाऊजी नेमके त्याच वेळी डोक्याला ओला पंचा गुंडाळून अंगणात उतरत, आपल्या छोट्या हिरव्या मोटारीच्या बॉनेटवर तळहात ठेवत, पोळला की झटकन उचलत आणि वर आभाळाकडे बघून म्हणत, "पाहून घेईन तुले." हे त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या गांभीर्यानं केलं, की पुढे पुढे आम्हाला सूर्याचीच थोडी काळजी वाटू लागली होती.

भाऊजी अमरावतीला दिवाणी वकील होते. दर्यापूरकडे घरची काळी जमीन, त्यामुळे पक्षकारही बहुतेक तिकडचेच. धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे, विहिरीच्या पाण्याचे, आजोबांनी लावलेल्या आंब्याचे दावे घेऊन येणारे. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि कॅम्पातल्या त्यांच्या घरी राहायला गेले, म्हणून हा माणूस मला इतक्या जवळून बघायला मिळाला. मला ते कधी नावानं हाक मारत नसत, कायम 'मास्तरीणबाई'. ताईशी बोलताना वऱ्हाडी, कोर्टात शुद्ध पुस्तकी मराठी आणि गाडीशी बोलताना ह्या दोन्हींचं मिश्रण, अशी त्यांच्या भाषेची विभागणी होती. गाडीला ते कधी शिवी देत नसत. फारच बिनसलं तर "हे तुम्हाला शोभत नाही" एवढंच म्हणत आणि हे अहोजाहो घरात फक्त तिलाच मिळे.

ही गाडी म्हणजे दोन माणसांपुरती, उघडी, तारांच्या चाकांची विलायती शर्यतगाडी. कापूस खरेदीसाठी इथं राहिलेला एक इंग्रज देश सोडून जाताना ती भाऊजींना देऊन गेला. तिच्यात बसणं म्हणजे जमिनीवर पाट मांडून जेवायला बसण्यासारखं होतं. शेजारून जाणाऱ्या बैलाचं तोंड आपल्या तोंडासमोर यायचं. हिवाळ्यात ती वाऱ्यासारखी पळे. पण होळी पेटली की तिचं तेज ओसरे. थंड देशात जन्मलेली ती, आमच्या चैत्र-वैशाखाला कुठून पुरी पडणार? पाणी उकळे ते उकळेच, पण खरं दुखणं इंजिनातल्या ऑइलचं. ते दुखणं काय आहे हे भाऊजींनी मला आमच्या स्वयंपाकघरात, ताईची कढई तिरपी करून समजावून सांगितलं होतं.

"हे पाहा मास्तरीणबाई, थंडं तेल कसं पाटलावानी चालते. जाड, इज्जतीनं. आता ते तापलं का पाहा, कसं पाण्यावानी पळते! इंजिनात लोखंडाच्या अन् लोखंडाच्या मधात तेलाची गादी असते. गादी पातळ झाली का हाडाले हाड लागते."

"तेल तापलं हाये," ताई म्हणाली, "आता मी पुऱ्या सोडू का तुमचं व्याख्यान आयकू?"

तेलाची ही गादी शाबूत आहे की नाही, हे सांगणारी एक सुई गाडीच्या तबकडीवर होती. सुई वर असली की तेलाचा दाब चांगला, खाली आली की संकट. भाऊजी गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि सुईकडे जास्त बघत. कोणी घाबरून ओरडलंच तर शांतपणे म्हणत, "रस्ता कुठं पळून जाते? सुई पळते." सुई घसरली की ते गाडी झाडाखाली उभी करत आणि इंजिन निवेपर्यंत, जो कोणी सोबत असेल त्याच्याशी कायद्याचा नाहीतर संसाराचा एखादा प्रश्न चर्चेला घेत. अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या रस्त्यावरचं प्रत्येक दाट सावलीचं झाड आणि प्रत्येक गोड्या पाण्याची विहीर त्यांना पाठ होती. त्यांच्या पक्षकारांनाही ह्याची इतकी सवय झाली होती, की दर्यापूरकडचे एक म्हातारे पाटील एकदा व्हरांड्यातल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून मोठ्या प्रेमानं म्हणाले होते, "वकीलसाहेब, तुमी कागदं घेऊन गाडीनं या. आमी बैलाच्या दमणीनं पुढं होतो, तुमची वाट पाहाले."

उपाय त्यांनी नाना केले. एका उन्हाळ्यात वाळ्याची एक लहान ताटी बांधून घेतली, ती गाडीच्या नाकावर बसवली आणि तिच्यावर थेंबथेंब पाणी गळेल असा डबा वर टांगला. घराला ताटी चालते तर गाडीला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद. त्या उन्हाळ्यात भाऊजी ज्या रस्त्यानं जात तो रस्ता लग्नघरासारखा दरवळे. पण ताटीनं वाराच अडवला आणि गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापू लागली. शिवाय इतवाऱ्यातल्या बकऱ्यांनी ती ओली, सुवासिक ताटी भर बाजारात कोर्टाच्या वेळेला अर्धी खाऊन टाकली. भाऊजी उतरले, बकऱ्यांकडे बघत राहिले आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत थांबले. "आता राह्यलेली अर्धी कायले ठेवाची?" असं त्यांनी घरी आल्यावर आम्हाला विचारलं.

ताई मात्र ह्या गाडीत बसत नसे. त्याला कारण घडलं होतं. अकोल्याला आमच्या मामेबहिणीचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात. ताई शालू नेसून, नथ घालून मोठ्या हौसेनं शेजारी बसली आणि बडनेरा मागं पडून थोडं पुढं जाताच सुई खाली आली. आतून ठकठक आवाज यायला लागला. भाऊजींनी गाडी सोडून यायला नकार दिला. मुहूर्त तर गाठायचा होता. शेवटी सरकीची ढेप भरून चाललेल्या एका ट्रकवाल्यानं ताईला मांडवाच्या दारात उतरवलं. शालूला ढेप, केसांना ढेप, नथीच्या मोत्यांना ढेप. अक्षता पडून गेल्या होत्या आणि कोणीतरी म्हातारी म्हणाली, "पोरीले न्हाऊ घाला, नाई तर म्हशी मांगं लागतीन." सगळा मांडव हसला. ताईही हसली. पण त्या दिवसानंतर ती त्या गाडीत बसली नाही. "मे महिन्यात, भर दुपारी, मधात कुठी न थांबता अकोल्याले नेता येईन, त्या दिवशी मले बोलवा," एवढंच तिनं सांगितलं आणि अकोल्याला माहेरी जायला रेल्वे धरली. ती चार वर्षं रेल्वेनं जात राहिली. भाऊजी तिला स्टेशनवर सोडायला टांग्यानं जात, आणि परत येताना चालत येत.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींना मार्ग दिसला. मुंबईहून मागवलेल्या एका जुन्या विलायती मासिकात त्यांनी वाचलं, की शर्यतीच्या गाड्यांना बाहेरून ऑइल कूलर बसवतात. म्हणजे पाण्याला जसा रेडिएटर, तसा तेलालाही एक वेगळा छोटा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं ऑइल पाइपानं बाहेर काढायचं, वाऱ्यावर निववायचं आणि पुन्हा आत सोडायचं. हे वाचून ते रात्रभर बंगई कुरकुरवत बसून होते. दुसऱ्या दिवशी नागपूर गाठून लढाईनंतर विकायला निघालेल्या सामानाच्या ढिगातून त्यांनी विमानाचा एक ऑइल कूलर शोधून आणला. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली ती जड पेटी पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन ते रेल्वेनं आले. डब्यातल्या एका बाईनं हार्मोनियम समजून "एखादा अभंग म्हणा" असा आग्रह केला, आणि बाईचं मन मोडू नये म्हणून भाऊजींनी तो पेटीशिवायच म्हटला.

कोर्टाला सुट्टी लागली होती. व्हरांड्यात कूलर रॉकेलच्या घमेल्यात भिजत पडला आणि भाऊजी त्याच्याशेजारी मांडी घालून. पाइप म्हणून त्यांनी आधी बागेचा रबरी पाइप जोडला. इंजिन सुरू झालं, सुई चढली, भाऊजींनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघितलं आणि पाइप निसटला. काळ्या ऑइलची एक सणसणीत धार व्हरांड्याच्या छताला, बंगईला आणि बंगईवरच्या दर्यापूरच्या त्याच पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला रंगवून गेली. पाटील उठले, आपल्या धोतराकडे बघितलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, दावा हारलो तरी चालन, पन हे पाह्याले मी रोज येईन."

मग कापडाचे थर असलेले जाड पाइप आणले, पितळेच्या जोडण्या बसवल्या. कूलरनं स्वतःच पोटभर ऑइल पिऊन घेतलं तेव्हा इंजिनातलं ऑइल कुठं गेलं म्हणून भाऊजी एक दुपार हवालदिल होते. सगळं जमलं, पण रेडिएटरपुढं जागा उरली नव्हती. म्हणून कूलर बाहेरच, गाडीच्या नाकाखाली लोंबता बसवावा लागला. मळणीच्या वेळी बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधतात, अगदी तस्सं ते दिसायला लागलं. राजकमल चौकात पहिल्याच दिवशी एका भाजीवाल्यानं विचारलं, "काहून वकीलसाहेब, गाडीले मुसकं बांधलं? पीक खाते का?" तेव्हापासून आख्ख्या अमरावतीत त्या यंत्राला दुसरं नाव उरलं नाही. भाऊजींनीही ते नाव मनापासून स्वीकारलं.

आणि मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ताई कैऱ्या चिरत होती.

"मे महिना हाये," ते म्हणाले. "बारा वाजता निघू. मधात थांबनार नाई."

ताईनं वर बघितलं.  मग विळी आडवी केली आणि म्हणाली, "लोनचं आईकडं न्याचं हाये. बरनी कोण धरन?"

बरणी मी धरली. सीटांच्या मागं छत्रीपिशवी ठेवण्यापुरती एक फळी होती, तिच्यावर मी तिरपी कोंबून बसले. बारा वाजता आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा येत होता. बडनेरा गेलं. ज्या जागी चार वर्षांपूर्वी गाडी बसली होती ती जागा आली आणि गेली. भाऊजींचे कान लाल झाले होते. मूर्तिजापूरही मागं पडलं. सुई जागची हलत नव्हती. ताई पदराची हनुवटीखाली गाठ मारून ताठ बसली होती आणि हळूहळू, मला मागून दिसलं, सीटला टेकली.

तेवढ्यात पुढं रस्त्याच्या कडेला एक सर्व्हिस मोटर, म्हणजे उतारूंची बस, उभी दिसली. बॉनेट उघडं, वाफ निघत असलेली, माणसं बाभळीच्या विरळ सावलीत विखुरलेली. ड्रायव्हर पाण्याला गेला होता. आमची गाडी पाहून एक पटकेवाला म्हातारा हात जोडत रस्त्यात आला. त्याच्यामागं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेली, छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली एक मुलगी.

भाऊजींनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. ताईकडे बघितलं.

"थांबवा," ताई म्हणाली.

"तुहा चार वर्साचा पन मोडते."

"माहा हाये ना? मीच मोडून राहिली. थांबवा."

गाडी थांबली. म्हातारा धापा टाकत सांगू लागला. मुलगी मॅट्रिक झाली होती, त्यांच्या वस्तीतली पहिली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखत होती, दोन वाजता. "गैरहजर लिवलं का गेलं साहेब सारं. पुढच्या साली मी असो का नसो."

ताई तोवर खाली उतरली होती. मलाही तिनं ओढून उतरवलं. म्हातारा मात्र गाडीच्या दाराशी अडखळला. बाकीचे उतारू बघत होते. तो हळूच म्हणाला, "बाई, आमी जयभीमवाले हावो."

"अन् मी चार वर्साची रुसलेली हावो," ताई म्हणाली. "बसा लवकर, ऊन वाढून राह्यलं."

म्हातारा मागच्या फळीवर चढला. लोणच्याची बरणी त्याच्या मांडीवर गेली. मुलगी ताईच्या जागी बसली आणि तिनं भाऊजींना सरळ विचारलं, "साहेब, हे पोचन का?"

ह्या प्रश्नावर भाऊजी एरवी तासभर बोलले असते. तेलाची गादी, कढई, विमान, सगळं सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मला त्यांचा चेहरा एकदम वयस्कर दिसला. "पोचन," एवढंच ते म्हणाले, आणि धुरळा उडाला.

आम्ही दोघी बाभळीखाली बसलो. ताई रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. बऱ्याच वेळानं ड्रायव्हर पाणी घेऊन आला, मोटर कशीबशी सुरू झाली आणि आम्ही त्याच मोटरीनं अकोल्याकडे निघालो. ताईनं खिडकीची जागा मागून घेतली. प्रत्येक पुलाशी, प्रत्येक झाडाशी ती मान बाहेर काढून बघे. लांब काही हिरवं दिसलं की माझा हात दाबे; जवळ गेल्यावर ते झुडूप निघे आणि ती हात सोडे. बोरगाव मंजू गेलं. मी म्हटलं, "पोचले असतील गं." ती म्हणाली, "गाडीसाठी नाई बघत मी. त्या पोरीनं पिशवी कशी धरली होती, पाहिलं का तू?"

अकोल्याला उतरल्या उतरल्या आम्ही टांगा करून दवाखान्याकडे गेलो. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली हिरवी गाडी उभी होती. तिच्या सावलीला, मातीत, भाऊजी आणि तो म्हातारा शेजारीशेजारी बसले होते, आणि मधे कागदावर भाकरी, आणि भाकरीवर आमच्या आईसाठी नेलेलं लोणचं.

"गेली आत," भाऊजी म्हणाले. "दोनाच्या आधी पोचलो. रस्ताभर मी तिची उलटतपासनी घेत होतो. 'पेशंटनं औषध घेतलं नाई तर काय करसान? डॉक्टर रागावले तर काय करसान?' एकाही प्रश्नाले अडली नाई पोरगी."

"अन् सुई?" ताईनं विचारलं.

भाऊजींचा हात भाकरीवरच थांबला. चार वर्षं ज्या क्षणासाठी त्यांनी झाडं मोजली, बकऱ्यांना ताटी चारली, व्हरांडा काळा केला, तो क्षण आला आणि गेला होता. "सुई," ते म्हणाले, "पाहाची राहूनच गेली बावा."

ताई हसायला लागली. मांडवात हसली होती तसं नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, तिथंच गाडीच्या चाकाला टेकून ती हसली. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. आम्ही कशाला हसतोय ते तिला कळेना. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तो काटा ना? पन्नासवरच होता, खाली नाई आला. मले भेव वाटून राह्यलं होतं, म्हनून मी त्याच्याकडंच पाहत होती."

भाऊजी उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. कशासाठी ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मुलीची निवड झाली. पाऊस लागायच्या आत म्हातारा गावरान आंब्यांचा वानोळा घेऊन अमरावतीला आला, बंगईवर बसला आणि मुसक्याकडे बघून त्यानं चौकशी केली, "बरं हाये ना हे?" त्या दिवशी अकोल्याहून परतताना ताई आपल्या जागी बसून आली होती; मला रेल्वेनं पाठवलं. त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्या गाडीत बसे आणि दोघं छत्री तलावापर्यंत जाऊन येत. हिवाळ्यात आणखी एक गंमत झाली. थंडीत मुसकं ऑइलला गरजेपेक्षा जास्त निववू लागलं, इंजिन तापेना. त्याला काहीतरी पांघरायला हवं होतं. ताईनं पेटीतलं फलाटीनचं एक मऊ कापड काढलं आणि त्याची तान्ह्या बाळाला शिवतात तशी कुंची शिवली, कडेला लाल गोट, बांधायला दोन बंद. कुंची शिवायची वेळ त्या घरात आधी कधी आली नव्हती. भाऊजींनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि अंगणात जाऊन बांधली. बंदांच्या गाठी त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारल्या.

साठचं दशक संपता संपता केव्हातरी गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले, भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एका हौशी माणसानं ती नेली. भाऊजी त्या दिवशी कोर्टातून उशिरा आले. त्यानंतर ते दोघं तलावापर्यंत चालत जात. भाऊजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ताई अकोल्याला माझ्याकडे असते. मे महिन्यातल्या दुपारी सगळं गाव दारं लोटून पडलेलं असतं. मी पाठ टेकते, तर ही जागीच. उठते, दार किलकिलं करते आणि बाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे बघत म्हणते, "आज ह्यायनं गाडी काढलीच असती."

"मग तू गेली असतीस?" मी विचारते.

 ती पदर डोक्यावरून घेते, वाऱ्यानं उडू नये असा कानामागून ओढून हनुवटीखाली गाठ मारते, आणि थोडा वेळ तशीच दारात उभी राहते.